रक्त वाढवणं आणि मज्जा वाचवणं



अप्लास्टिक ॲनिमिया हा आजार फार थोड्यांना होतो. युरोपात वर्षाला दहा लाखांमागे साधारण दोघांना, आशियात त्याच्या दुप्पट ते तिप्पट. इतक्या दुर्मीळ आजारावर जाहीर व्याख्यान कशाला, असं व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांपैकी एकांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. या आजारात रुग्णाचं पुढे काय होणार, हे पुष्कळदा पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठरतं, आणि त्या काळात रुग्ण आमच्यासारख्या रक्तविकारतज्ज्ञांकडे आलेलाच नसतो. तो घरी असतो, गल्लीतल्या दवाखान्यात असतो, तालुक्याच्या रुग्णालयात असतो. बीट, खजूर, डाळिंब चालू असतं, लोहाच्या गोळ्या चालू असतात, मधून एखादी रक्ताची बाटली चढते आणि रक्त वाढेल म्हणून सगळे वाट बघत बसतात. ही धडपड मायेपोटी चाललेली असते, तिला मी नावं ठेवणार नाही. पण या आजारात तिचा उपयोग होत नाही. का होत नाही, हे तुमच्यापुढे मांडावं एवढ्यासाठी मी हा विषय मागून घेतला.

आधी मज्जेबद्दल थोडं. मटणातली नळी फोडली की आत जो मऊ गर निघतो, ती मज्जा. मोठ्या माणसात रक्त तयार करणारी तांबडी मज्जा मुख्यतः कमरेची हाडं, मणके, बरगड्या आणि छातीचं मधलं हाड यांत असते. रक्त तिथे तयार होतं हे जगाला कळून फार काळ लोटलेला नाही. १८६८ साली क्योनिग्सबर्गच्या अर्न्स्ट नॉयमान यांनी ते सांगितलं. तिथलं काम किती अफाट आहे बघा. निरोगी माणसाची मज्जा रोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी तयार करते, म्हणजे दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त. शिवाय रोज काही हजार कोटी प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी वेगळ्याच. तांबडी पेशी १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणारी न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात एक दिवससुद्धा टिकत नाही. हे तीन आकडे लक्षात ठेवा, आजाराची सगळी लक्षणं त्यांतून निघतात.

एवढं उत्पादन ज्यांच्या जिवावर चालतं त्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल्स, संख्येने फार थोड्या असतात. शेतकरी आलेलं सगळं धान्य विकत नाही, पुढच्या पेरणीचं बियाणं बाजूला राखतो. मूळपेशींची रीत तीच आहे. विभागताना त्यांतल्या काहींचं रक्त होतं आणि काही पुन्हा मूळपेशीच राहतात, म्हणून साठा ऐंशी-नव्वद वर्षं पुरतो. टोरांटोच्या अर्नेस्ट मॅकलक आणि जेम्स टिल यांनी १९६१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांनी अशा पेशी असतात हे दाखवून दिलं. अप्लास्टिक ॲनिमियात हा राखीव साठाच संपत येतो. मज्जेची जागा तशीच राहते, पण तिथे चरबी भरते.

हे चित्र पहिल्यांदा टिपलं पाउल एर्लिक यांनी, १८८८ साली बर्लिनमध्ये. एकवीस वर्षांची एक गर्भवती तीव्र पंडुरोग, ताप आणि रक्तस्राव होऊन झपाट्याने दगावली. शवविच्छेदनात तिच्या मांडीच्या हाडातली मज्जा पिवळी, चरबीची आढळली. एरवी रक्त कमी झालं की मज्जा जोराने कामाला लागते, लालभडक होते. इथे शरीराला रक्ताची निकड असूनही मज्जेने काही केलं नव्हतं. ही विसंगती एर्लिक यांच्या नजरेतून सुटली नाही. आजाराला आजचं नाव १९०४ मध्ये पॅरिसच्या आनातोल शोफार यांनी दिलं.

आता आपल्याकडे हा रुग्ण कसा येतो ते पाहू. बहुतेकदा पंधरा ते पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी, नाहीतर साठीच्या पुढचं माणूस. जिना चढताना धाप लागते, चेहरा पांढराफटक पडतो. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात, मार न लागता काळे-निळे डाग पडतात. मुलींना पाळीत अंगावरून फार जातं, आणि ते हार्मोनचं आहे म्हणून त्यातच दोन महिने जातात. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. पावसाळा असेल तर प्लेटलेट्स कमी म्हटल्यावर डेंग्यू ठरतो आणि पपईच्या पानांचा रस सुरू होतो. डेंग्यूच्या प्लेटलेट्स बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप चढतात. महिना उलटूनही त्या वीस हजारांवर अडल्या असतील, सोबत हिमोग्लोबिन सहा आणि पांढऱ्या पेशी दीड हजार असतील, तर तो डेंग्यू नव्हे. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर तिन्ही आकडे एकदम खाली दिसले की प्रश्न मज्जेला विचारायचा, हा माझा आजचा पहिला आग्रह.

पण इथे एक मोठा 'थांबा' आहे, आणि तो आपल्या देशासाठी फार महत्त्वाचा आहे. भारतात तिन्ही पेशी कमी होण्याचं एक अगदी नेहमीचं कारण बी-१२ किंवा फोलेट या जीवनसत्त्वांची कमतरता हे आहे. या कमतरतेच्या शोधाचा एक धागा आपल्या परळमधून जातो. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात भयंकर पंडुरोग होत होता, कित्येक दगावत होत्या. कारण शोधायला डॉ. मार्गारेट बॅल्फर यांनी त्यांना बोलावलं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांचं काम चाललं. आधी जंतूंचा संशय होता. मग त्यांनी या बायका काय जेवतात ते पाहिलं: भाजीपाला, फळं, दूध, मांस जवळजवळ नाहीच. तसाच आहार त्यांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना दिला, आणि शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने, प्राण्यांचा आणि रुग्ण स्त्रियांचाही पंडुरोग बरा करून दाखवला. निष्कर्ष १९३१ मध्ये छापून आले. त्या अर्कातला अज्ञात घटक कित्येक वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखला जात होता. तेच आपलं फोलेट, जे आज सरकारी दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईच्या हातावर ठेवलं जातं. गिरणगावातल्या त्या निनावी स्त्रियांचं ऋण जगभरच्या बाळंतिणींवर आहे, आणि परळला तरी त्याची आठवण ठसठशीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

विल्स यांच्या रुग्णांची मज्जा आणि एर्लिक यांच्या रुग्णाची मज्जा, दोन्हींचा परिणाम वरून सारखाच: रक्तात पेशी नाहीत. आत मात्र टोकाचा फरक. जीवनसत्त्व कमी असलेली मज्जा पेशींनी खचाखच भरलेली असते, पण त्या अर्धवट वाढून आतल्या आतच मरतात. तिला बी-१२ किंवा फोलेट मिळालं की आठवड्याभरात नव्या पेशी रक्तात दिसू लागतात. अप्लास्टिक मज्जेत पेशीच नसतात. तिला जीवनसत्त्व द्या, लोह द्या, पौष्टिक खाऊ घाला, ते वापरायला तिथे कोणी उरलेलं नसतं. लोहाचं तर उलट ओझं होतं. चढवलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोन-अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. पिशव्या वाढत गेल्या की ते यकृतात आणि हृदयात साचतं. अशा रुग्णाला लोहाच्या गोळ्या देणं थांबवलंच पाहिजे.

ही दोन चित्रं वेगळी ओळखायची कशी? रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहायची, रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकत्या जन्मलेल्या तांबड्या पेशी मोजायच्या, बी-१२ आणि फोलेट तपासायचं. या तपासण्या जिल्ह्याच्या गावी होतात. त्यात उत्तर मिळालं नाही तर मज्जेची तपासणी. तिची लोकांना विनाकारण भीती वाटते, कारण 'पाठीच्या कण्यातून पाणी काढणं' आणि ही तपासणी लोक एकच समजतात. कण्याशी तिचा संबंध नाही. मागे कमरेच्या खाली जे हाड हाताला लागतं, तिथली जागा बधिर करून सुईने थोडी पातळ मज्जा ओढून घेतात आणि दीड-दोन सेंटिमीटरचा बारीक तुकडाही काढतात. तो तुकडा हवाच. नुसत्या ओढलेल्या मज्जेवरून अप्लास्टिक ॲनिमियाचं निदान करू नये. सुई चुकून जिथे मज्जा विरळ आहे तिथे पडली, तर निष्कर्ष चुकतो. तुकड्यात मज्जेच्या मूळ भरणीच्या पाव भागाहून कमी पेशी, आणि सोबत न्यूट्रोफिल पाचशेच्या खाली, प्लेटलेट्स वीस हजारांच्या खाली, रेटिक्युलोसाइट अगदी कमी यांपैकी दोन गोष्टी असल्या, की आजार तीव्र ठरतो. हे निकष ब्रूस कॅमिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये बांधले आणि अजून तेच चालतात. न्यूट्रोफिल दोनशेच्या खाली गेल्या तर अतितीव्र.

मज्जेच्या तुकड्यात आणखी एक गोष्ट शोधावी लागते, ती म्हणजे टीबी. एलिनॉर रूझवेल्ट यांची हकिगत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी वाचावी अशी आहे. अमेरिकेच्या या माजी प्रथम महिला १९५२ मध्ये भारतातही येऊन गेल्या होत्या. १९६० मध्ये त्यांच्या पेशी घटल्या आणि अप्लास्टिक ॲनिमिया असं निदान झालं. पुढे त्यांना स्टेरॉइड दिलं गेलं. ताप हटेना. १९६२ च्या नोव्हेंबरात त्या गेल्या, तेव्हा शवविच्छेदनात सर्वांगभर पसरलेला टीबी निघाला, मज्जेतसुद्धा. न्यूयॉर्कसारख्या शहरात, त्या काळच्या उत्तमातल्या डॉक्टरांच्या हाताखाली हे घडलं. आपल्याकडे तर टीबी घरोघरी ओळखीचा आहे. म्हणून तिन्ही पेशी कमी आहेत आणि ताप आहे, एवढ्यावर निदान न होता स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करणं मला धोक्याचं वाटतं. अप्लास्टिक ॲनिमियात नुसत्या स्टेरॉइडने मज्जा परत येत नाही. जंतूंना मात्र रान मोकळं मिळतं.

हा आजार कशामुळे होतो? जुनी उत्तरं विषांची आहेत आणि ती खरीही आहेत. १८९७ मध्ये स्वीडनमध्ये सायकलचे टायर बनवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुण मुली बेन्झिनच्या वाफांनी अशाच आजारी पडल्या, त्यांतल्या चौघी दगावल्या. १९४९ मध्ये बाजारात आलेलं क्लोरॅम्फेनिकॉल विषमज्वरावरचं पहिलं हुकमी औषध. आपल्या देशात त्याने असंख्य जीव वाचवले. पण १९५२ पर्यंत लक्षात आलं की वीस ते चाळीस हजारांत एखाद्याची मज्जा ते कायमची बंद पाडतं. मेरी क्युरी ४ जुलै १९३४ रोजी गेल्या त्या याच आजाराने, आणि त्यांच्या डॉक्टरांनी मज्जेच्या या अवस्थेचा संबंध आयुष्यभराच्या किरणोत्साराशी जोडला. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवताना शवपेटीत रेडियम फारसं आढळलं नाही. तेव्हा पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी फिरती क्ष-किरण यंत्रं चालवताना अंगावर घेतलेले किरण जास्त जबाबदार असावेत, असं तज्ज्ञांनी म्हटलं.

ही नावं मोठी असल्यामुळे एक गैरसमज पसरतो. प्रत्येक आईबाप विचारतात, आमच्याकडून काय चुकलं? कोणतं औषध दिलं, शेतावर फवारणीच्या वेळी नेलं म्हणून झालं का, परीक्षेच्या दिवसांत बाहेरचं खाल्लं म्हणून का? थायलंडमध्ये सुरपोल इस्सराग्रिसिल आणि सहकाऱ्यांनी या आजाराचा फार मोठा अभ्यास केला. त्यात औषधांकडे बोट दाखवता येईल असे रुग्ण थोडे निघाले. शेतातली कीटकनाशकं आणि जनावरांशी येणारा संबंध यांचा काही वाटा दिसला. पण बहुसंख्य रुग्णांत नेमकं कारण हाती लागत नाही. काही तरुणांत कावीळ बरी झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मज्जा बसते, आणि त्या काविळीचा ओळखीचा विषाणूही सापडत नाही. आईबापांना मी एवढंच सांगतो, की तुमच्या हातून काही घडलेलं नाही. हे सांगणं उपचाराइतकंच महत्त्वाचं आहे, कारण अपराधाच्या ओझ्याखाली दबलेलं घर वेळेवर निर्णय घेऊ शकत नाही.

आता मघाशी म्हटलेल्या बियाण्याच्या गोष्टीकडे येतो. बियाणं संपलं, मग दुसऱ्याचं बियाणं आणून टाकावं, हा विचार साधा आणि सरळ. एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला हा आजार झाला तर दुसऱ्याची मज्जा शिरेतून दिली की काम व्हावं. दोघांच्या पेशी अगदी एकच. पण कित्येक जुळ्यांमध्ये असं निघालं, की नुसती मज्जा देऊन ती रुजत नाही. आधी रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबली, तरच ती रुजते. म्हणजे जमिनीत बियाणं खाणारं काहीतरी होतं.

दुसरा पुरावा पॅरिसमधून आला. जॉर्ज माते आपल्या रुग्णांना मज्जारोपणाआधी लिम्फोसाइटविरोधी सीरम देत होते, ते दात्याची मज्जा टिकावी म्हणून. १९७० मध्ये त्यांनी लिहिलं की काही रुग्णांत दात्याची मज्जा रुजली नाही, आणि तरीही रुग्ण सुधारले, त्यांची स्वतःचीच मज्जा परत आली. आपल्याच टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, आपल्याच मूळपेशींना मारत होत्या, त्यांना आवर बसताच उरल्यासुरल्या मूळपेशींनी पुन्हा कामाला सुरुवात केली. बाझेलचे ब्रूनो श्पेक यांनी १९७७ मध्ये याला बळकटी दिली आणि तिथून या आजाराचा उपचार उलटा झाला. तोपर्यंत सगळे मज्जेला डिवचून जागं करायला बघत होते. आता मज्जेवर चालून येणाऱ्या पेशींना आवरायचं होतं. अंगात ताकद नाही म्हणून आलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, हे घरच्यांना पटवणं अवघड जातं. त्यांना मी माते यांचीच हकिगत सांगतो, आणि ती पटते.

हे सीरम कसं बनतं ते आपल्याला चटकन कळेल, कारण सापाच्या विषावरचं प्रतिविष आपल्या पिंपरीत त्याच रीतीने बनत आलं आहे. तिथे घोड्याला विषाची सौम्य मात्रा टोचतात आणि त्याच्या रक्तातून विषाविरुद्धची प्रतिद्रव्यं वेगळी करतात. इथे घोड्याला माणसाच्या टी-पेशी टोचतात आणि टी-पेशींविरुद्धची प्रतिद्रव्यं काढतात. एटीजी म्हणतात त्याला. भारतातही ते बनतं. चार दिवस शिरेतून हळूहळू सोडतात. आठवडा-दीड आठवड्याने घोड्याच्या प्रथिनांची प्रतिक्रिया म्हणून ताप, पुरळ, सांधेदुखी होऊ शकते, म्हणून सोबत काही दिवस स्टेरॉइड असतं. इथे त्याचं काम तेवढंच. जोडीला सायक्लोस्पोरिन, जे नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या एका बुरशीतून सापडलं. सशापासून बनवलेलं एटीजी जास्त जोरकस, म्हणून ते सरस ठरेल अशी सगळ्यांची अटकळ होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत फिलिप शाइनबर्ग, नील यंग आणि सहकाऱ्यांनी १२० रुग्णांवर सरळ तुलना केली. २०११ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी घोड्याच्या सीरमला ६८ टक्के रुग्णांत प्रतिसाद, सशाच्या सीरमला ३७ टक्के. अटकळीला तपासून पाहिलं नसतं तर कित्येक जीव गेले असते.

पुढची भर एल्ट्रॉम्बोपॅग या गोळीची. ती आली दुसऱ्या आजारात प्लेटलेट्स वाढवायला. पण मूळपेशींवरही तिचा दरवाजा असतो, आणि उपचाराला दाद न दिलेल्या काही अप्लास्टिक रुग्णांत ती एकट्याने तिन्ही पेशी वर आणते, हे २०१२ मध्ये दिसलं. युरोपातल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, घोड्याचं सीरम आणि सायक्लोस्पोरिन यांना ही गोळी जोडल्यावर सहा महिन्यांनी प्रतिसाद ४१ वरून ६८ टक्क्यांवर गेला. १९६०-७० च्या काळात तीव्र आजाराचे बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत जात. त्या काळात डॉक्टर झालेल्यांना हे आकडे काय वाटत असतील, याची कल्पना करा.

सगळ्या रिकाम्या मज्जा या एकाच कारणाच्या नसतात. काहींत दोष जन्मापासूनचा असतो. स्विस बालरोगतज्ज्ञ गिडो फँकोनी यांनी १९२७ मध्ये तीन भावांत तो पाहिला. उंची कमी, अंगठा लहान किंवा वेडावाकडा, कातडीवर कॉफीच्या रंगाचे डाग, आणि सात-आठ वर्षांचं झाल्यावर मज्जा आटू लागते. या मुलांच्या पेशींना डीएनएची मोडतोड दुरुस्त करता येत नाही. दोष बहुधा आई आणि बाप दोघांकडून एकेक यावा लागतो, म्हणून नात्यात लग्न झालेल्या घरांत तो जास्त दिसतो. मामाच्या मुलीशी, काही ठिकाणी मामाशीच लग्न करण्याची चाल आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत आहे, हे आपण जाणतो. मुलगा लहान असेल आणि मज्जा रिकामी असेल, तर गुणसूत्रं तुटतात का हे पाहणारी चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. ती परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होते. अशा मुलाला एटीजीचा उपयोग नसतो, रोपणाआधीची औषधंही फार बेताने द्यावी लागतात. आणि दाता म्हणून निवडलेल्या भावंडाची चाचणी आधी करावी लागते, नाहीतर आजारी मज्जा काढून आजारी मुलाला दिली असं व्हायचं.

चाळिशीच्या आतल्या रुग्णाला तीव्र आजार असेल आणि जुळणारं भावंड असेल, तर मज्जारोपण हा पहिला उपाय. या वाटेवर अमेरिकेचे डोनल थॉमस आयुष्यभर चालले, १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या देशातलं पहिलं रोपण २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. नऊ वर्षांची मुलगी, ल्युकेमिया, मज्जा भावाची. लहानपणच्या पोलिओमुळे स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या या डॉक्टरांनी हाताशी फारसं काही नसताना ते करून दाखवलं. आज मुलांमध्ये भावंडाच्या मज्जेने अप्लास्टिक ॲनिमिया बरा होण्याचं प्रमाण अनुभवी केंद्रांत नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे.

अडचण जुळण्याची. एका सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, जुळायची शक्यता चारात एक. दोन भावंडं असतील तर ४४ टक्के, तीन असतील तर ५८. आपली कुटुंबं आता लहान झाली, ते चांगलंच झालं, पण एकुलत्या एका मुलाला भावंड आणायचं कुठून? मग दात्यांच्या नोंदवहीकडे वळावं लागतं. जगभरात चार कोटींहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं आहे, भारतीय त्यांत फार कमी. एचएलए पिढीजात असतं, त्यामुळे मराठी माणसाला जुळणारा दाता बहुधा भारतीयच निघतो. लंडन-न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या माणसांनाही तिथल्या लाखो नावांत जुळणारं नाव सहज मिळत नाही, ते याच कारणाने. अर्धं जुळणाऱ्या आईबापांकडून रोपण करणं आता जमू लागलं आहे, तरी ते जास्त जोखमीचं आणि खर्चाचं. अठरा ते पन्नास वयातल्या निरोगी माणसाने गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून दिली की नोंद होते. पुढे कधी जुळलं, तर बहुधा रक्त यंत्रातून फिरवून मूळपेशी वेगळ्या करतात. अप्लास्टिक ॲनिमियात मात्र शक्य तिथे कमरेच्या हाडातली मज्जाच बरी, कारण त्यात नवी मज्जा पुढे रुग्णावर उलटण्याचा धोका कमी. भूल देऊन काढतात, दोन-चार दिवस कंबर दुखते, आणि दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते.

शेवटी रक्ताबद्दल, कारण इथे बसलेल्या प्रत्येकाला त्यात काही करता येतं. रोपणाची शक्यता असेल तर रुग्णाला आई-बाप-भावंडांचं रक्त देऊ नका. मुलासाठी बाप हात पुढे करतो, पण त्या रक्ताने रुग्णाचं शरीर घरच्यांच्या पेशींविरुद्ध तयार होतं आणि पुढे भावाची मज्जा नाकारली जाऊ शकते. बाहेरच्या दात्याचं, पांढऱ्या पेशी गाळलेलं, किरण दिलेलं रक्त मागा. स्नायूत इंजेक्शन नको, ॲस्पिरिन नको. आणि ताप १०१ च्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका. न्यूट्रोफिल नसलेल्या माणसाचा रात्रीचा ताप त्या रात्रीच रुग्णालयात जायला हवा, तासाभरात प्रतिजैविक शिरेतून सुरू व्हायला हवं.

एटीजी दिल्यावर परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. दर आठवड्याला घरचे कागद घेऊन बसतात आणि आकडे हलत नाहीत. त्या काळात रुग्ण अनोळखी माणसांच्या रक्तावर जगतो. तांबड्या पेशींची पिशवी थंड कपाटात महिनाभराहून अधिक टिकते, प्लेटलेट्स मात्र खोलीच्या तापमानाला हलत्या ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत संपतात. म्हणून त्यांचा साठा करता येत नाही. रक्तदानात आपलं राज्य देशात पुढे आहे, शिबिरं जयंत्यांना, गणपतीत जोरात होतात. पण मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, दिवाळीत माणसं गावी जातात, आणि त्याच आठवड्यांत रक्तपेढ्या रिकाम्या असतात. एका दात्याकडून यंत्राने प्लेटलेट्स काढायला तास-दीड तास लागतो, आणि त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट्स दोन-तीन दिवसांत भरून येतात. आपल्या मंडळाने एक शिबिर मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि एक दिवाळीच्या आठवड्यात घ्यावं, आणि प्लेटलेट देऊ शकणाऱ्यांची वेगळी यादी जवळच्या रक्तपेढीला द्यावी, अशी माझी कार्यकर्त्यांना विनंती आहे. नावं लिहून घ्यायला रक्तपेढीची माणसं आज बाहेर टेबलाशी बसली आहेत. आता आपले प्रश्न घेतो.